त्याने तुमचं नेमकं काय उचललं?

वाचक लिहितात:

घरातल्या आजारी माणसाचं औषध कुणी दिलं, कुणी विसरलं, हे सगळ्या भावंडांच्या फोनवर एकाच वेळी दिसावं, असं अ‍ॅप दीड वर्षापासून माझ्या डोक्यात होतं. मार्चमध्ये फिग्मा या डिझाइनच्या साधनात चौदा स्क्रीन तयार केल्या. आयकॉन चुलतबहिणीने काढून दिले. ओळखीतून एक डेव्हलपर मिळाला. त्याला लिंक पाठवली, दोन तास व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगितलं. करार केला नव्हता. मेलमध्ये मात्र 'हे सध्या आपल्यातच राहू दे' असं लिहिलं होतं आणि त्यावर 'निश्चिंत राहा' असं त्याचं उत्तर आलं. पुढे 'आत्ता वेळ नाही' म्हणून तो गप्प झाला. गेल्या आठवड्यात तसंच अ‍ॅप स्टोअरवर दिसलं, त्याच्याच नावावर. 'दिलं', 'नको म्हणाले', 'उलटी झाली' ही माझीच तीन बटणं. एका सूचनेत मी चुकून 'औषध दीलं का?' असं दीर्घ लिहिलं होतं, तेही तसंच्या तसं. झोप उडाली आहे. फेसबुकवर सगळं लिहून टाकू का? पोलिसांत जाऊ? त्याला फोन करू? की कल्पनाच ती, गेली म्हणजे गेली?

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. एक त्याचं मेलवरचं 'निश्चिंत राहा', आणि दुसरी तो दीर्घ 'दी'. त्या का मोलाच्या ते पुढे येईलच. आधी आज रात्रीचं बोलू.

फेसबुकवर काही लिहू नका. त्याला फोन करू नका. त्याच्या अ‍ॅपला एक तारा देऊन खाली 'चोर' असं लिहू नका, मैत्रिणींनाही लिहायला सांगू नका. राग रास्त आहे, पण त्याला सुगावा लागला की पहिल्या तासाभरात तो तुमचं शुद्धलेखन सुधारून नवी आवृत्ती चढवेल. स्टोअरवर सगळ्यांना नवीच आवृत्ती दिसते. जुनी पुन्हा हाती लागणं अवघड. शिवाय जाहीरपणे चोर म्हटलंत आणि ते सिद्ध करता आलं नाही, तर बदनामीचा दावा तुमच्यावर उलटतो. ठरवून दिलेले वाईट रिव्ह्यू हा दोन्ही मोठ्या स्टोअरच्या नियमांचा भंग आहे, आणि उद्या त्याच स्टोअरकडे तुम्हाला तक्रार घेऊन जायचं आहे.

पोलिसांचं म्हणाल, तर विश्वासाने दाखवलेल्या स्क्रीन वापरल्या हा सहसा दिवाणी वाद म्हणूनच हाताळला जातो. तुमच्या खात्यात घुसून, पासवर्ड फोडून कुणी फाइल्स नेल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती.

तेव्हा पहिले दोन दिवस फक्त पुरावा. स्टोअरवरचं पान कॉम्प्युटरवर उघडा आणि वरचा पूर्ण पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. नाव, डेव्हलपरचं नाव, वर्णन, सगळी चित्रं, आवृत्तीचा क्रमांक, शेवटच्या अपडेटची तारीख. गूगल प्लेच्या पत्त्यात 'आयडी' नंतर येतं ते अ‍ॅपचं पॅकेज नेम. अ‍ॅपलच्या पत्त्यात त्या जागी आकडा असतो. तो जसाच्या तसा उतरवून ठेवा, कारण उद्या अ‍ॅपचं नाव बदललं तरी ही ओळख बदलत नाही. मग तेच पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवा. तुमच्या स्क्रीनशॉटवर 'हा नंतर बनवलाय' असा आक्षेप घेता येतो. त्रयस्थाच्या सर्व्हरवर तारखेसह पडलेल्या प्रतीवर तसा घेणं कठीण जातं.

त्यानंतर ते अ‍ॅप दुसऱ्या फोनवर घ्या आणि एकाच सलग रेकॉर्डिंगमध्ये स्टोअरच्या पानापासून सुरुवात करून सगळ्या स्क्रीन फिरा. मध्ये कापाकापी नको. 'दीलं' ही सूचना वाजेपर्यंत थांबा, ती वाजताना दिसली पाहिजे. मात्र अ‍ॅप उलगडून आतला कोड पाहायच्या फंदात पडू नका. वापराच्या अटी बहुधा त्याला मनाई करतात आणि काही देशांत कायदाही आडवा येतो. कोडची तुलना लागलीच, तर ती वकिलामार्फत तज्ज्ञाकडून होते. त्याचा एखादा जुना पासवर्ड तुम्हाला ठाऊक असेल, तर तो वापरायचा नाही म्हणजे नाही. तसं केलंत तर गुन्हा तुमच्या नावावर लागेल.

आता तुमची बाजू. फिग्माची मूळ फाइल आहे तशी राहू द्या. तिच्यात एक रेघही हलवू नका. पुढचं काम करायचं असेल तर वेगळी प्रत काढा. मोफत प्लॅनमध्ये फाइलचा जुना इतिहास ठरावीक दिवसांपुरताच दिसतो, म्हणून मार्चचा इतिहास अजून दिसत असेल तर आजच त्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि चौदाही स्क्रीन पीडीएफ करून ठेवा. शेअरिंगची खिडकी उघडून कुणाकुणाला पाहण्याची परवानगी आहे, तो त्याचा ईमेल दिसेल असा टिपा. त्याची परवानगी काढायची ती यानंतर. हा क्रम उलटा झाला तर त्याच्याकडे लिंक होती हे दाखवणारी जागा तुम्हीच पुसाल.

मेलचा नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही, आणि फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मूळ हेडर (मेल कुणी, कधी, कोणत्या सर्व्हरवरून पाठवला याची नोंद) राहत नाहीत. मेल मूळ स्वरूपात, म्हणजे पूर्ण हेडरसह, डाउनलोड करा. कॉलचं निमंत्रण कॅलेंडरमध्ये असेल, तेही जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं असेल तर चॅट एक्स्पोर्ट करा, आपोआप पुसले जाणारे मेसेज सुरू असतील तर बंद करा आणि हे मिटेपर्यंत फोन बदलू नका. स्वतःलाच मेल पाठवून किंवा बंद पाकीट पोस्टाने घरी मागवून हक्क मिळतो, ही समजूत अजून ऐकू येते. त्यातून फार तर त्या दिवशी तो कागद तुमच्याकडे होता एवढं दिसतं. त्याने तो पाहिला होता, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि तुमची सगळी लढाई तिथेच आहे.

हे झालं की दोन तक्ते करा. पहिला तारखांचा, चार रकाने: तारीख, काय घडलं, कुणाला माहीत होतं, पुरावा कोणता. त्यात त्याच्या अ‍ॅपची पहिली तारीख सर्वांत आधी भरा. अ‍ॅपलच्या पानावर आवृत्त्यांचा इतिहास मिळतो. प्लेवर 'अ‍ॅपबद्दल' या भागात पाहा. पहिली आवृत्ती तुमच्या कॉलच्या आधीची निघाली तर विषय तिथेच संपला, आणि ते आधी कळलेलं बरं. कॉलनंतर आठवड्याभरात पुरं अ‍ॅप आलं असेल, तरीही तो आधीपासून करत होता का, असा प्रश्न उभा राहतो. तुमच्याकडे मार्चपासूनचे मधले महिने आहेत; वेळेचा हिशेब तुमच्या बाजूने आहे.

दुसरा तक्ता तुलनेचा. त्यात लोक दोनच रकाने करतात, माझं आणि त्याचं, आणि तिथेच चुकतात. तिसरा रकाना हवा: 'आधीपासून आणखी कुठे?' औषधांची आठवण देणारी आठ-दहा जुनी अ‍ॅप्स शोधा आणि एकेक ओळ तपासा. आठवणीची घंटा सगळीकडे असते. गोळ्यांची यादी, कुटुंबात शेअर करणं, विसरल्यास लाल खूण, हेही सापडेल. जे आधीच इतरांकडे आहे ते खोडा. जीव तुटतो, पण निर्दयपणे खोडा, कारण पुढे समोरचा वकील हेच करणार आहे. तुमच्या पत्रावरून आमचा अंदाज असा की खोडूनही चार गोष्टी उरतील: त्या तीन बटणांचे नेमके शब्द आणि क्रम, चुलतबहिणीचे आयकॉन (ते तसेच वापरले असतील तर), सुरुवातीच्या स्क्रीनवरचा तुमचा मजकूर, आणि 'दीलं'.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. कल्पना गेली म्हणजे गेली का?

नुसती कल्पना कॉपीराइटने राखली जात नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात, १९९४ सालच्या, कलम ९(२) मध्ये हे स्पष्ट आहे: संरक्षण मांडणीला मिळतं, कल्पनेला, कार्यपद्धतीला, गणिती संकल्पनेला नाही. पुढच्याच कलमात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे. म्हणजे 'भावंडांनी मिळून औषधांची नोंद ठेवावी' हे कुणीही करू शकतं. ते कसं दाखवायचं यासाठी तुम्ही लिहिलेले शब्द, काढलेली चित्रं, केलेली रचना, लिहिलेला कोड मात्र कुणी उचलू शकत नाही. यात अन्याय वाटतो हे समजतं. पण उलट नियम असता, तर औषधांच्या पहिल्या अ‍ॅपवाल्याने तुम्हालाही अडवलं असतं.

ही रेघ कुठे पडते ते टेट्रिस या व्हिडिओ गेमच्या खटल्यात छान दिसतं. झिओ नावाच्या कंपनीने टेट्रिस समोर ठेवून 'मिनो' हा खेळ काढला आणि आम्ही फक्त नियम घेतले, असा बचाव केला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयाने तो मान्य केला नाही. तुकडे वरून पडावेत आणि ओळ भरली की नाहीशी व्हावी, ही कल्पना मोकळी आहे. पण तुकड्यांचे तेच आकार, दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच असा तोच पट, तुकडा कुठे बसणार हे दाखवणारी तीच फिकट सावली, ही मांडणी झाली, आणि ती वेगळी केली म्हणून खेळ अडत नव्हता. तुमच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचारा: हे वेगळ्या तऱ्हेने करता आलं असतं का? औषधाच्या नोंदीला 'दिलं' हे बटण जवळजवळ अटळ आहे. 'उलटी झाली' हे तिसरं बटण कुणी नेहमीच्या आराखड्यात काढत नाही. आणि शुद्धलेखनाची चूक तर कुणी स्वतंत्रपणे तशीच, त्याच सूचनेत, करत नाही. दोघांना एकच कल्पना सुचू शकते; दोघांची बोटं एकाच जागी घसरणं कठीण. नकाशे आणि शब्दकोश करणारे पूर्वीपासून मुद्दाम एखादी खोटी नोंद पेरून ठेवत आले आहेत, ते नक्कल पकडण्यासाठीच. तुमच्याकडून ते नकळत झालं.

दुसरा आधार गोपनीयतेचा, आणि तुमच्या बाबतीत तो आम्हाला जास्त भक्कम वाटतो. कल्पनेला कॉपीराइट नसला तरी विश्वासाने सांगितलेली माहिती वापरणं हा वेगळा दोष आहे. १९६८ च्या कोको विरुद्ध क्लार्क या इंग्लंडमधल्या निकालाने त्यासाठी तीन कसोट्या घालून दिल्या, आणि इंग्लिश परंपरेतली न्यायालयं त्या आजही लावतात. माहिती खरोखर गुप्त होती का? ती गुप्त ठेवायची आहे हे समजेल अशा परिस्थितीत दिली गेली का? आणि ती परवानगीशिवाय वापरली का? यासाठी शिक्क्याचा करार असलाच पाहिजे असं नाही. 'आपल्यातच राहू दे' आणि 'निश्चिंत राहा' या दोन ओळी दुसऱ्या कसोटीचं उत्तर आहेत. पहिल्या कसोटीसाठी स्वतःला कठोरपणे विचारा की हेच चौदा स्क्रीन तुम्ही आणखी कुणाला, अशी अट न घालता, दाखवले का? एखाद्या स्पर्धेत, ग्रुपवर, लिंक 'कुणालाही पाहता येईल' अशी ठेवून? तसं असेल तर वकिलाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगा. लपवलेली अशी गोष्ट समोरच्याने बाहेर काढली की बाकीचं खरंही लोकांना खोटं वाटू लागतं.

असा विश्वासाचा मुद्दा लहान मंडळींनाही उपयोगी पडलेला आहे. स्प्राय फॉक्स या छोट्या स्टुडिओने 'ट्रिपल टाउन' हा खेळ मोबाइलवर आणण्यासाठी सिक्सवेव्हज या कंपनीशी बोलणी केली आणि गोपनीयतेच्या करारावर त्यांना तो आधी पाहू दिला. पुढे सिक्सवेव्हजकडून 'यती टाउन' हा तसाच खेळ आला. स्प्राय फॉक्सने दावा लावला, तो सुरुवातीलाच फेटाळावा ही मागणी २०१२ मध्ये न्यायालयाने नाकारली आणि त्याच वर्षी तडजोड झाली. तडजोडीत 'यती टाउन' ची मालकीच स्प्राय फॉक्सकडे आली.

ट्रेडमार्क आणि पेटंट यांत वेळ घालवू नका. नाव त्याने वेगळं ठेवलं असेल, तर ट्रेडमार्कचा प्रश्न नाही. पेटंटला खरीखुरी नवी तांत्रिक पद्धत लागते. तीन बटणं ती नव्हेत.

पुढे सरकण्याआधी एक खड्डा आहे तो बुजवा. आयकॉन चुलतबहिणीने काढले. लेखी काही नसेल तर बऱ्याच देशांत त्या चित्रांचा कॉपीराइट तिचाच असतो, तुम्ही मागितले म्हणून किंवा पैसे दिले म्हणूनही तो तुमच्याकडे येत नाही. तिच्याकडून एक पानाचं हस्तांतरण लिहून घ्या: कोणते आयकॉन (प्रत्येकाचं चित्र सोबत जोडून), कधी काढले, सगळे हक्क तुमच्या नावे दिले, आणि आधी झालेल्या उल्लंघनावर दावा करण्याचा हक्कही दिला. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात आणि मग जुन्या नकलेवर बोलताच येत नाही. कागदावर खरी, आजचीच तारीख घाला. मागची तारीख घालून केलेला कागद पकडला गेला तर बाकीच्या खऱ्या पुराव्यालाही तो घेऊन बुडतो.

मग त्याला पत्र. मेलवर, शांत, लहान. साधारण असं:

'मार्चमधल्या अमुक तारखेला मी आपल्याला माझ्या अ‍ॅपच्या चौदा स्क्रीन गोपनीय म्हणून दाखवल्या आणि आपण त्याच दिवशी मेलवर तसं मान्य केलं. आपल्या नावावर असलेल्या अमुक अ‍ॅपमध्ये त्यातला पुढील मजकूर आणि चित्रं आहेत: (यादी, दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत). ती वापरायची परवानगी मी दिलेली नाही. चौदा दिवसांच्या आत ती काढावीत आणि माझ्या फाइल्सच्या सर्व प्रती नष्ट केल्याचं लेखी कळवावं. याबाबतचा पत्रव्यवहार, डिझाइन फाइल्स आणि कोडचा इतिहास पुसू नये. माझे सर्व हक्क राखून हे पत्र लिहीत आहे.'

एवढंच. 'दीलं' कडे आवर्जून बोट दाखवायची गरज नाही, स्क्रीनशॉटमध्ये ते आहेच. रकमेचा आकडा नको. 'पैसे द्या, नाहीतर पोलिसांत जाते' असं तर चुकूनही नको. ते खंडणीसारखं वाचलं जाऊ शकतं. जमलं तर हे पत्र वकिलाच्या नजरेखालून घालून पाठवा.

स्टोअरकडे तक्रार पत्राच्या सोबत किंवा मुदत संपल्यावर करता येते. गूगल प्लेकडे कॉपीराइटचा वेगळा फॉर्म आहे आणि ट्रेडमार्कचा वेगळा. चुकीचा भरला की दिवस वाया जातात. अ‍ॅपलकडे अ‍ॅप स्टोअरच्या मजकुरावरील वादाचा फॉर्म आहे. तो भरला की अ‍ॅपल तुमची आणि त्या डेव्हलपरची मेलवर गाठ घालून देतं आणि आधी आपसात मिटवा असं सुचवतं. तिथे नियमित पाठपुरावा करावा लागतो, दर वेळी त्याच तक्रार क्रमांकावर. अ‍ॅपलच्या नियमावलीत ४.१ हे कलम नकलांबद्दलच आहे, त्याचा उल्लेख करा.

या फॉर्ममध्ये तक्रारी पडतात त्या एका वाक्याने: 'माझी कल्पना चोरली.' ते वाचून तपासणारा पुढे जातो, कारण कल्पनेवर त्याला काही करताच येत नाही. लिहायचं असं: 'त्यांच्या स्टोअर पानावरचं तिसरं चित्र, त्यातले पाच आयकॉन, ही माझ्या अमुक तारखेच्या फाइलमधील चित्रांची थेट प्रत आहे.' एक आरोप, एक चित्र, एक पुरावा. जे तपासणाऱ्याला दोन चित्रं शेजारी ठेवून दिसेल तेवढंच सांगा. गोपनीयतेचा भंग स्टोअर ठरवत नाही, तो मुद्दा न्यायालयासाठी ठेवा. तक्रार तुमच्या नावानिशी समोरच्यापर्यंत जाते हे धरून चला. त्याने प्रतिनोटीस दिली, म्हणजे तुमची तक्रार चुकीची आहे असं स्टोअरला लेखी कळवलं, तर अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याखाली, तुम्ही दावा दाखल केला नसेल तर, दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत मजकूर पुन्हा वर येतो. आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर त्याच कायद्याखाली नुकसानभरपाई तुमच्यावर बसू शकते. म्हणून खोडलेल्या ओळी फॉर्ममध्ये परत शिरू देऊ नका.

वकिलाकडे जाताना दोन्ही तक्ते, दहाच्या आत पुरावे आणि चुलतबहिणीचा कागद न्या. बौद्धिक संपदेची कामं करणारा वकील निवडा. विचारायचं ते हे: माझ्या देशात गोपनीयतेचा दावा किती मुदतीत लावावा लागतो, निकाल लागेपर्यंत अ‍ॅप थांबवण्याचा तात्पुरता मनाई हुकूम मिळण्यासारखा आहे का, आणि डेव्हलपर दुसऱ्या देशात असेल तर दावा कुठे लावायचा? मनाई हुकुमाला घाई लागते. कळूनही महिनोन्‌महिने गप्प बसलात तर 'मग एवढी निकड कसली' असं न्यायालय विचारतं. आणि एक हिशेब स्वतः करा: त्याच्या अ‍ॅपला मोजकीच माणसं वापरत असतील आणि उत्पन्न शून्य असेल, तर खटला जिंकूनही खर्च निघणार नाही. अशा वेळी मजकूर आणि आयकॉन काढले जाणं, प्रती नष्ट होणं, एवढ्यावर मिटवण्यात कमीपणा नाही. जे काही ठरेल ते लेखी.

आता तुमचं स्वतःचं अ‍ॅप. ते थांबवू नका, कारण त्याच्याकडे चौदा स्क्रीन गेल्या आहेत, काम गेलेलं नाही. औषधाच्या अ‍ॅपमध्ये खरी कसोटी दिसत नाही तिथे असते. आयफोनवर एका अ‍ॅपच्या पुढे लावून ठेवलेल्या स्थानिक सूचना (म्हणजे नेटशिवाय फोनच वाजवतो त्या) एका वेळी ६४ च राहतात. पाच औषधं, प्रत्येकी चार वेळा, आणि प्रत्येक डोसची सूचना वेगळी लावली तर दिवसाला वीस होतात. चौथ्या दिवशी घंटा मुकी होते आणि कुणाला कळतही नाही. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाच परवानगी मागावी लागते, आणि अँड्रॉइड १४ मध्ये ठरल्या मिनिटाला वाजणाऱ्या गजराची परवानगी नव्याने घेतलेल्या बहुतेक अ‍ॅपना आपोआप मिळत नाही. त्यात काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपच झोपवतात. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे नेटवर्क नसलेल्या फोनवर भावाने 'दिलं' दाबलं, ते बहिणीपर्यंत पोचलं नाही आणि तिने पुन्हा डोस दिला. 'शेवटची माहिती किती मिनिटांपूर्वीची' हे मोठ्या अक्षरात दाखवावं लागतं. दीड वर्ष हा प्रश्न डोक्यात घेऊन फिरणारं माणूस यावर विचार करतं. उचललेल्या स्क्रीनवरून करणाऱ्याला हे एकेक करून लोकांच्या तक्रारींतून कळणार आहे. फक्त यापुढे त्याचं अ‍ॅप उघडून पाहू नका आणि तुमच्या प्रत्येक बदलाची तारीख राहू द्या, म्हणजे उलटा आरोप येणार नाही.

नवा डेव्हलपर घेताना आधी सही, मग लिंक. करारात गोपनीयतेसोबत दुसरं कलमही असू द्या: तो लिहील त्या कोडचे सगळे हक्क तुमच्याकडे येतील. गिटची (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, तुमच्या खात्यात, स्टोअरची खाती तुमच्या नावावर, अँड्रॉइडची साइनिंग की, म्हणजे नवी आवृत्ती तुमचीच आहे हे पटवणारी डिजिटल किल्ली, तुमच्या ताब्यात. ही की दुसऱ्याकडे राहिली आणि भांडण झालं, तर स्वतःच्याच अ‍ॅपची पुढची आवृत्ती चढवताना अडकायला होऊ शकतं. गिटवर कामाचा इतिहास रोजच्या रोज सर्व्हरवर जाऊ द्या. कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, तारीख आपल्या कॉम्प्युटरवर हवी तशी बदलता येते, सर्व्हरवर पोचल्याची नोंद तशी बदलत नाही. गुंतवणूकदार सहसा गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत. त्यांना प्रश्न आणि परिणाम सांगा, आतली रचना पुढच्या बैठकीसाठी ठेवा. आणि प्रत्येकाला पाठवायच्या प्रतीत कुठेतरी एखादा शब्द निराळा ठेवा, कुणाला कोणता ते वहीत टिपून.

राहिला तुमचा फोनचा प्रश्न. तुम्ही आपणहून करू नका. पत्र मिळाल्यावर बहुधा तोच करेल, आवाज चढवून किंवा अगदी मऊ होऊन. ऐकून घ्या, 'विचार करून मेलवर कळवते' एवढंच म्हणा, फोनवर काहीही मान्य करू नका. आणि त्याच संध्याकाळी 'आज अमुक वाजता आपला फोन आला, त्यात आपण असं म्हणालात' असा चार ओळींचा मेल त्याला पाठवून द्या.